तिसऱ्या भागासाठी वीस सह्या

दुसऱ्या भागाच्या शेवटच्या पानावर मंजिष्ठा सातव्या दारापुढे उभी आहे. हातात किल्ली, मागून रंगखात्याचे शिपाई जिना चढतायत. ती किल्ली कुलुपात घालते आणि दाराच्या आतून तिला तिचाच आवाज ऐकू येतो, "उघडू नकोस."

आणि पुस्तक खलास! पुढे एक कोरं पान, त्याच्यापुढे पुठ्ठा. मी पुठ्ठ्याची आतली बाजूही बघितली, न जाणो काही छापायचं राहिलं असेल. मग पुस्तक गादीवर आपटलं, वाईट वाटलं म्हणून उचलून कपाळाला लावलं आणि परत आपटलं. जेवायला बसले तर घास उतरेना. आई म्हणाली, "पोट बिघडलं का गं?" आता हिला काय सांगू? दाराच्या आत कोण बोलतंय ते कळत नाही म्हणून मला भेंडी नकोय, असं सांगू?

मी फाल्गुनी. अकरावी कॉमर्स, नंदुरबार. आमचा मिरचीचा व्यापार आहे. बाजार समितीच्या आवारात गाळा आणि गावाबाहेर पथारी, म्हणजे ओली लाल मिरची पसरून वाळवायचं मोठं मैदान. सगळं चालवतात दादाजी, माझे आजोबा छगनलाल. आम्ही घरात मारवाडी बोलतो, गिऱ्हाइकाशी अहिराणी बोलतो आणि मी डोक्यातल्या डोक्यात मराठी बोलते, कारण पुस्तकं मराठी वाचते. तीही कसली, तर ज्यांत राज्य पार बिघडलेलं असतं, आकाशात दोनदोन चंद्र असतात आणि पंधरा वर्षांची एखादी पोरगी सगळ्या मोठ्या माणसांना पुरून उरते. अशी पुस्तकं मी कुणी विचारलं नाही तरी सुचवते. रिक्षात बसले की रिक्षावाल्याला सुचवते.

'सात कुलुपांचं शहर' हे त्यातलं सगळ्यात भारी. त्या शहरात सरकार एकेक रंग बंद करत जातं आणि बंद केलेले रंग सात दारांमागे कुलपात ठेवतं. मंजिष्ठा ही रंगाऱ्याची मुलगी, ती एकेक दार उघडत निघते. एकूण तीन भाग. आमच्या वाचनालयाला कुणा भल्या माणसाने पहिल्या दोन भागांच्या सहा-सहा प्रती देणगी दिल्या आणि तिसरा भाग निघायच्या आत त्याची बदली झाली. बदली करणाऱ्यांचं कधी भलं होणार नाही. विकत मागवावं तर घरात दोन अडचणी होत्या. परीक्षेचं नसलेलं पुस्तक आमच्याकडे विकत येत नाही, आणि येणारं प्रत्येक कुरिअर दादाजी दुकानात स्वतःच्या हाताने फोडतात.

म्हणून मी ग्रंथपाल दीपमालाताईंच्या टेबलापुढे जाऊन उभी राहिले.

"तिसरा भाग मागवा ना, ताई. मी मरेन."

"मरायच्या आधी वीस सह्या आण," ताई म्हणाल्या आणि मागणीची वही पुढे सरकवली. "वीस सभासदांनी मागितलं तर समितीला पुस्तक घ्यावंच लागतं. पण नुसत्या सह्या चालणार नाहीत. पहिले दोन भाग ज्यांनी वाचलेत त्यांच्याच. मी प्रत्येकाला प्रश्न विचारणार. एकतीस जानेवारीला यादी बंद होते, नंतर वर्षभर स्पर्धा परीक्षांची पुस्तकं."

वहीत दोन नावं होती. एक माझं, दुसरं माझ्या चुलतबहिणीचं, जियाचं. जानेवारीची दोन तारीख होती. अठरा माणसं हवी होती, आणि आमच्या गावात लोकांना मिरचीचा भाव सोडून काही वाचायला लावणं म्हणजे काय ते मलाच माहीत.

तरी मी काही साधी नाही, छगनलाल शेटची नात आहे. दादाजींचं एक तत्त्व आहे, गिऱ्हाईक बघून माल दाखवायचा. मीही तेच केलं. पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या भूपेंद्रला सांगितलं, "यातली मुलगी रोज अकरा कोस धावते, तिचं वेळापत्रक दिलंय." वर्गातल्या दोघींना सांगितलं की यात एक निळ्या डोळ्यांचा शिपाई आहे आणि तो फारच गोंधळलेला आहे. हे खरं होतं. गणिताच्या क्लासच्या सरांना सांगितलं की कुलपं उघडायला गणित लागतं. हे निम्मं खरं होतं. समोरच्या कमलबाईंना मात्र मी तोंडावर थाप मारली. त्या दर महिन्याला तापीकाठच्या प्रकाशा गावी देवदर्शनाला जातात. त्यांना म्हणाले, "मावशी, यात नदीकाठचं एक देऊळ आहे, वाचून डोळ्यांत पाणी येतं."

चार दिवसांनी कमलबाई दोन्ही भाग घेऊन दारात. "देऊळ कोठे शे वं?"

"तिसऱ्या भागात," मी म्हणाले. "सही करा म्हणजे येईल."

त्या मुकाट्याने वाचनालयात जाऊन सही करून आल्या. जियाच्या मैत्रिणीला मात्र पुस्तक खरोखरच आवडलं, तिला काही सांगावंच लागलं नाही. पंधरा तारखेला आठ सह्या झाल्या आणि माझ्या ओळखी संपल्या. ज्याला त्याला वेगळं सांगून आता मलाच आठवेना की कुणाला काय सांगितलंय. भूपेंद्र वेळापत्रक मागत होता. त्यालाही मी तिसऱ्या भागात पाठवलं.

मग मला वानगीची कल्पना सुचली, आणि मी इतकी खूश झाले की गाळ्यात एकटीच नाचले.

वानगी म्हणजे मालाचा नमुना. मिरचीचा सौदा व्हायच्या आधी गिऱ्हाइकाला मूठभर मिरची पुडीत बांधून देतात. दादाजींची त्यात दोन पथ्यं आहेत. एक, वानगी वरून घ्यायची नाही, पोत्याच्या मधोमध हात घालून काढायची, कारण वरची मिरची सगळेच चांगली ठेवतात. दोन, पुडीवर नाव लिहायचं नाही. माल कुणाचा, कुठल्या गावचा, काही नाही. नाव वाचलं की माणूस मिरची बघत नाही, नाव बघतो. मी लहानपणापासून हे ऐकत आलेय, त्यामुळे मला वाटतं की जगातल्या सगळ्या वस्तू अशाच दाखवतात.

म्हणून मी पहिला भाग बरोब्बर मधोमध उघडला, ते पान झेरॉक्सच्या दुकानात देऊन त्याच्या पन्नास प्रती काढल्या, पुड्यांसारख्या घड्या घातल्या, वर काही लिहिलं नाही आणि गाळ्यात काट्याजवळ ठेवल्या. लिलावाची वाट बघत शेतकरी तिथेच बसतात. मी एकेकाच्या हातात पुडी देत म्हणाले, "वाचा काका, घरी जाऊन निवांत वाचा." सगळ्यांनी खिशात टाकल्या.

पान असं होतं:

'परिपत्रक क्रमांक सत्तेचाळीस. उद्या सूर्योदयापासून लाल रंग बंद करण्यात येत आहे. लाल वस्तू बाळगणे, वाळवणे अथवा विकणे हा गुन्हा समजण्यात येईल. घरातील सर्व लाल जिन्नस दोन दिवसांत जमा करावेत. कुंकवाबाबत स्वतंत्र आदेश काढण्यात येईल.'

देवाशपथ, मला त्यात काही वावगं दिसलं नाही. मला फक्त एवढंच दिसलं की हे वाचून कुणालाही पुढचं पान हवंसं वाटेल. आमच्या गाळ्यातून मिळालेला छापील कागद हा कायम सूचनेचाच असतो, उद्या लिलाव बंद, परवा आवक जास्त, हे मी साफ विसरले. आणि ज्या लोकांनी एका रात्रीत नोटा बंद झालेल्या बघितल्यात, त्यांना एका रात्रीत रंग बंद होणं काय अवघड!

दुसऱ्या दिवशी शनिवार होता, मी सकाळी गाळ्यातच होते. नऊ वाजले, दहा वाजले. कोरीट गावच्या रस्त्याने रोज ट्रॅक्टरची रांग लागते, त्या दिवशी एकही ट्रॅक्टर नाही. दादाजी गादीवरून उठून तीनदा रस्त्यावर जाऊन आले. मग त्यांचा फोन वाजला. कोरीटचे नवलकाका होते, आमच्याकडे वीस वर्षं माल घालणारे. त्यांचा आवाज फोनला कान न लावताही मला ऐकू आला.

"शेट, लालनं समजनं. पन कुंकूनं काय ठरनं?"

मागून त्यांच्या बायकोचा, सुंदरबाईंचा आवाज येत होता, "मन्ही लगीननी साडी मी देवाव नही! कोन येस ते देखस मी!"

दादाजी म्हणाले, "कांई बोले है, नवलभाऊ?" तेवढ्यात त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी त्या पानाचा फोटो पाठवला. दादाजींनी चश्मा लावला. वाचलं. चश्मा काढून पुसला आणि परत वाचलं. माझे दादाजी, ज्यांना आजवर कुठल्या दलालाने फसवलं नाही, ते त्या पानाला फसले. मग उठून पथारीवर फोन लावला. "ताडपत्री घाला. सगळ्यावर घाला. हिरवी घाला!"

आठ एकर मिरची वाळत पडलेली होती. आठ एकर! मला हसूही येत होतं आणि पळूनही जावंसं वाटत होतं. मी हळूच म्हणाले, "दादाजी, ते माझ्या पुस्तकातलं आहे."

"कांई?"

"वानगी आहे, दादाजी. मधून काढली. नाव नाही लिहिलं."

त्यानंतर ते जे बोलले ते मारवाडीत होतं आणि मी लिहिणार नाही.

अकरा वाजता कोरीटची माणसं आली, ट्रॅक्टरवर बसून, माल न घेता. पुढे नवलकाका. हातात ते पान, चेहरा तापलेला. दादाजींनी मला दंडाला धरून वजनकाट्याच्या फळीवर उभं केलं, म्हणजे सगळ्यांना दिसेन. "हिला विचारा," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

मी सांगितलं. हे पुस्तकातलं पान आहे. असं शहर कुठे नाही. असा हुकूम कुणी काढला नाही. चूक माझी आहे. मी या पायावरून त्या पायावर होत होते आणि काट्याचा आकडा पुढेमागे होत होता.

"म्हंजे हाई खोटं शे?" नवलकाकांनी विचारलं.

"खोटं आहे, काका."

"समदं खोटं?"

"सगळं."

आता शिव्या पडणार, आता माल दुसऱ्या गाळ्यावर जाणार, असं मला वाटलं. नवलकाकांनी पान उलटं करून मागची कोरी बाजू बघितली. मी पुठ्ठा बघितला होता ना, अगदी तसंच.

"मंग पुढे काय व्हयनं? त्यासनी लाल जमा करी लिधं का?"

"ते पुढच्या पानावर आहे, काका."

"आनि ज्यासना घरमा लालच शे समदं, त्यासनं काय?"

"तेही आहे."

"मंग पुढलं पान काब्र दिधं नही तू?" ते खवळून ओरडले. "आख्खी रात मी जागा शे!"

मी काट्यावरून उडी मारली. दप्तरातून पहिला भाग काढून त्यांच्या हातात दिला. बाकीच्या दहा जणांना वाचनालयाचा रस्ता दाखवला. पाच प्रती होत्या, त्या त्यांनी वाटून नेल्या, नंतर दुसरा भागही. एकाने वाचायचं, चौघांनी ऐकायचं, असं चाललं म्हणे कोरीटच्या पारावर. सत्तावीस तारखेला अकरा जण ट्रॅक्टरमधून उतरून वाचनालयात शिरले आणि दीपमालाताईंच्या प्रश्नांना उत्तरं देऊन सह्या करून गेले. सुंदरबाईंनी ताईंनाच उलट विचारलं, "तुम्ही वाचं का?" ताई गोऱ्यामोऱ्या झाल्या आणि त्याच संध्याकाळी एक प्रत घरी घेऊन गेल्या.

एकोणीस! फक्त एक सही राहिली होती आणि चार दिवस होते.

पण मी आता कुणाला पुस्तक सुचवायला मोकळी नव्हते. एका दिवसाचा लिलाव बुडवला म्हणून दादाजींनी शिक्षा दिली होती. कॉलेज सुटलं की सरळ पथारीवर जायचं आणि देठ खुडणाऱ्या बायकांवर लक्ष ठेवायचं, हंगाम संपेपर्यंत. लक्ष काय ठेवायचं? त्या पंधरा-वीस जणी मिरचीच्या ढिगाभोवती बसून भराभर देठ मोडत असतात आणि मी नुसती शिंकत असते. अठ्ठावीस तारखेला मी पोत्यावर बसून पहिला भाग पुन्हा वाचायला काढला.

"काय वाची ऱ्हायनी व, एकलीच?" समोरून आवाज आला. जसोदाबाई होती. सगळ्यांत जलद हात तिचे, आणि तोंडही.

"पुस्तक आहे. देऊ? घरी नेऊन वाचा."

"हात देख मन्हा." तिने दोन्ही तळवे पुढे केले, लालभडक, सुजलेले. "पुस्तकले लावं तं पुस्तकबी शिंकी. तू मोठाल्यानी वाच ना. हात मिरचीमा शेतस, कानले काय व्हयेल शे?"

मी वाचायला लागले. एवढ्या वेळा पुस्तकं सुचवली, पण कुणाला वाचून दाखवायचं कधी सुचलंच नव्हतं. परिपत्रक सत्तेचाळीस आलं तेव्हा पंधरा बायका इतक्या हसल्या की एक जण ढिगावर आडवी झाली. ओढणीतून खाली सांडलेल्या मिरच्यांचा लाल रंग मंजिष्ठा ओंजळीत भरते, तिथं सगळ्यांचे हात थांबले. मी दुसऱ्या दिवशी कॉलेज बुडवलं. घसा बसला. तीस तारखेला दुपारी दुसरा भाग संपला, "उघडू नकोस."

"पुढे?" सगळ्या एकदम ओरडल्या.

"पुढचं पुस्तक नाही! एक सही कमी आहे!" मीही ओरडले.

जसोदाबाईने पदराला हात पुसले. "चाल," म्हणाली.

वाचनालयात ताईंनी सभासदाचा अर्ज भरून घेतला, पण मग नियमावर आल्या. "फाल्गुनी, यांनी वाचलं नाही, ऐकलंय."

"मग प्रश्न विचारा ना, ताई!"

ताईंनी नेहमीचा प्रश्न विचारला, "मंजिष्ठाने पहिलं कुलूप कसं उघडलं?" आधीच्या सगळ्यांनी सांगितलं होतं, वडिलांच्या किल्लीने. गणिताच्या सरांनीसुद्धा.

"तिनी उघाडंच नही," जसोदाबाई म्हणाली. "ते पैलेपासून उघाडंच व्हतं. लोके भ्यावमा हातच लावेत नही."

ताईंनी माझ्याकडे बघितलं, मी ताईंकडे. पान एकशे बारा, खालून चौथी ओळ. तीनदा वाचूनही मला दिसली नव्हती. ताईंनी वही पुढे केली. जसोदाबाईने जीभ दातांत धरून, एकेक अक्षर जोडत, विसावी सही केली, आणि मी ताईंना आणि टेबलाला एकदमच मिठी मारली.

फेब्रुवारीच्या मध्याला पुस्तक आलं. 'सात कुलुपांचं शहर, भाग तिसरा'. कोरं करकरीत, नव्या कागदाच्या वासाचं. यादीत पहिलं नाव माझं होतं, म्हणून पहिल्यांदा मला मिळालं. आणि माझी काय परीक्षा! पथारीवर मी वचन दिलं होतं की आधी एकही पान वाचणार नाही, सगळ्यांसोबत उघडणार. रिक्षात मी पुस्तकावर बसले, म्हणजे हातच पोचायला नको.

तीन दुपारी वाचन चाललं. बायका देठ खुडत होत्या, पण हात हळू चालत होते. मंजिष्ठा दारापुढेच उभी होती. लेखक तिला तिथे उभी ठेवून दुसऱ्याच गोष्टी सांगत होता, दोनशे पानं. शेवटी तिने किल्ली फिरवली. दार उघडलं. माझा आवाज चिरकायला लागला. मी पान उलटलं आणि वाचलं:

'आणि मंजिष्ठाला जाग आली. खिडकीतून ऊन येत होतं. सगळं स्वप्नच होतं तर!'

समाप्त.

"पान चिकटेल व्हई. देख," कुणीतरी म्हणालं. मी बघितलं. चिकटलं नव्हतं.

"सपन?" जसोदाबाई उभी राहिली. "आम्हले येडं समजस का तो?" कुणीतरी देठांची मूठ पुस्तकावर भिरकावली, मग दुसरी, आणि मी हूं की चूं केलं नाही, मला स्वतःला आख्खं पोतं ओतावंसं वाटत होतं. या पानासाठी मी महिनाभर थापा मारल्या, कोरीटची झोप उडवली, आठ एकर मिरची झाकायला लावली! माझं ऐकून सह्या केलेल्या बाकीच्या सतरा माणसांना मी आता काय तोंड दाखवू? मला रडू फुटलं, खरंखुरं, मिरचीचा त्यात काही संबंध नव्हता. "आत कोण होतं मग?" मी म्हणत होते. "आत कोण होतं?"

"ते तं मले कव्हयनं ठाऊक शे," जसोदाबाई खाली बसत म्हणाली आणि तिने परत मिरची हातात घेतली.

"कोण?"

"मी चौथीमा व्हतू. बा मरी गया, धाकला भाऊले सांभाळानं व्हतं, मंग शाळाना दारथून मांघे फिरी वनू. घर वनू ते वनूच. पन एक जसोदी तठेच ऱ्हायनी, बाकवर बठेल. मी कव्हयबी त्या शाळावरथीन जास, तं ती आतमाथीन सांगस, नको येवू. मन्हाच आवाजमा सांगस."

"का पण? ती 'ये' का म्हणत नाही?"

"तिले लाज वाटस ना. मी इतली मोठी व्हयी गयी, नातूवाली, आनि ती आजून तितलीच. मी देखसू म्हनीसन लाज वाटस तिले."

शेजारच्या बाईने जसोदाबाईच्या पुढ्यातल्या थोड्या मिरच्या आपल्याकडे ओढून घेतल्या.

"मग मंजिष्ठाने काय करायचं?" मी विचारलं.

"उघाडानं दार. आनि सांगानं, सरक जराशी, मले बी बसू दे."

मी त्या दिवशी घरी येऊन फुलस्केपचे सहा कागद भरले. सातवं दार, आतला बाक, बाकावरची लहान मंजिष्ठा, आणि तिच्याशेजारी जागा करून बसलेली मोठी. सगळे रंग त्या लहानीच्या पाटीखाली होते, असं मी माझ्या मनाचं घातलं होतं. दुसऱ्या दिवशी पथारीवर वाचून दाखवलं. जसोदाबाईने दोन वाक्यं बदलायला लावली, पाटी राहू दिली, आणि खाली सही केली.

ते कागद मी तिसऱ्या भागात ठेवून पुस्तक परत केलं. दीपमालाताईंना काही लपत नाही. त्यांनी कागद काढून उभ्याउभ्याच वाचले, सहाच्या सहा.

"वाचनालयाच्या पुस्तकात सभासदाने काहीही लिहायला मनाई आहे," त्या म्हणाल्या.

"मी वेगळ्या कागदावर लिहिलंय."

ताईंनी खणातून जाड सुई आणि बांधणीचा दोरा काढला. पुस्तक दोन्ही हातांनी दाबून उघडलं आणि ते सहा कागद समाप्तीच्या पुढे, पुठ्ठ्याच्या आत, पक्के शिवून टाकले. मग वहीत बघून पुढच्या नंबराला फोन केला. जिया आणि मधले सगळे आधी कोरीटला जाऊ दे म्हणाले होते, म्हणून पुढचा नंबर नवलकाकांचा होता. त्यांच्याच गावात बाकीचे दहा असल्यामुळे त्यांनी ते सगळ्यांच्या वतीने नेलं.

पाचव्या दिवशी गाळ्यातला फोन वाजला. दादाजी वजनात गुंतले होते, मी उचलला.

"पोरी, छापेल शेवट भलताच वंगाळ शे," नवलकाका म्हणाले. "तो सपनवाला. पारवर सुंदरबाई त्याले इतल्या शिव्या दी ऱ्हायनी की इचारू नको."

"माहीत आहे, काका. चूक झाली. मी तुम्हाला उगाच सुचवलं."

"नही, नही. पन ते मांघे हातवरी लिखेल शे, शिवेल. ते कोन लिखं?"

"जसोदाबाईने सांगितलं. आमच्या पथारीवर देठ खुडते."

पलीकडे चालत लांब गेल्याचा आवाज आला. मग सुंदरबाई लांबून म्हणाल्या, "कोनसंगे बोली ऱ्हायनात?" आणि नवलकाका म्हणाले, "काही नही, मिरचीना भाव." त्यांचा आवाज बदलला होता, फोनच्या अगदी जवळ आला होता.

"तिले सांगजो," ते म्हणाले, "एक नवलबी तठेच बठेल शे. बाकवर."

मी फोन ठेवला, दादाजींना काही न सांगता गाळ्यातून पळत बाहेर आले आणि पथारीकडे जाणाऱ्या पहिल्या रिक्षाला हात केला.